वास आला म्हणजे प्यायला? १९५१ सालची जीप आणि टॉनिकची बाटली

या आठवड्याचा एपिसोड ज्यांना बसमध्ये, लोकलमध्ये नीट ऐकू आला नाही त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर. थोडी साफसफाई केलीय, बाकी बोलणं बोलण्यासारखंच ठेवलंय.

सुरुवात एका व्हॉइस नोटपासून. आपला एक श्रोता, कॉलेजचा मुलगा. तो म्हणतो, "दादा, रात्री साडेअकराला नाकाबंदीत गाडी अडवली. साहेब जवळ आले आणि म्हणाले, तोंडाला वास येतोय. मी खोकल्याचं औषध घेतलं होतं, आईशपथ. मशीन त्यांच्याकडे नव्हतं. म्हणाले, प्यायलायस, कबूल कर, इथंच मिटवू. मला एवढंच विचारायचंय की नुसता वास आला म्हणजे गुन्हा झाला का?"

मी ती नोट दोनदा ऐकली. कारण नेमका हाच प्रश्न सत्तरहून जास्त वर्षांपूर्वी सुप्रीम कोर्टात पोचला होता. तोही आपल्या मुंबईतून, आणि तोही औषधाच्या बाटलीवरूनच!

तारीख २९ मे १९५१. रात्रीचे साडेनऊ. एक जीप कुलाब्याच्या बस स्टँडच्या दिशेनं चाललीय. वाटेत तिची तीन माणसांना धडक बसते. जीप चालवणारा गृहस्थ कोण, तर बेहराम खुर्शेद पेसिकाका, मुंबईच्या आरटीओमधले अधिकारी. म्हणजे ज्या खात्यानं लोकांना गाडी कशी चालवायची ते शिकवायचं, त्याच खात्यातला माणूस. पोलीस त्यांना चौकीत नेतात, तिथं तोंडाला दारूचा वास येतोय असं लक्षात येतं, आणि तिथून तपासणीसाठी सेंट जॉर्जेस हॉस्पिटलला पाठवतात.

आता डॉक्टरांनी काय लिहिलं ते बघा. तोंडाला वास आहे. डोळे लालसर आहेत. पण बोलणं सुसंगत आहे, वागणं ठीक आहे, सरळ रेषेत चालता येतंय. डॉक्टरांचं मत असं की या माणसानं कुठल्या तरी रूपात अल्कोहोल घेतलंय, पण तो दारूच्या अमलाखाली दिसत नाही.

रक्त तपासलं का? फुंकायचं यंत्र होतं का? नाही. डॉक्टरांचं नाक, डॉक्टरांचे डोळे आणि जमिनीवरची एक रेघ, एवढीच त्या रात्रीची प्रयोगशाळा.

त्या वेळचा मोटार कायदा १९३९ चा. त्याच्या ११७ व्या कलमात दारूच्या अमलामुळे गाडीवर ताबाच ठेवता येत नाही, इतकी नशा सिद्ध करावी लागायची. सरळ रेषेत चालणाऱ्या माणसाला ते कलम कसं लावणार? पण मुंबई राज्यात सरकारच्या हातात दुसरं हत्यार होतं. मोरारजी देसाई गृहमंत्री होते आणि १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा लागू झालेला होता. या कायद्याला तुम्ही झिंगलाय की शुद्धीवर आहात याच्याशी देणंघेणं नव्हतं. परवान्याशिवाय प्यायलात की गुन्हा, मग गाडी चालवा नाहीतर घरी गाद्या घालून झोपा. त्यामुळे पेसिकाकांवर बेदरकार गाडी चालवून दुखापत केल्याचं कलम लागलं, आणि सोबत दारूबंदी कायद्याचं कलम ६६ (ब).

त्यांचा बचाव काय होता? मी दारू प्यायलेलो नाही. जेवणानंतर बी. जी. फॉस नावाचं टॉनिक घेतलं. त्या काळात हे टॉनिक औषधाच्या दुकानात मिळायचं आणि त्यात अल्कोहोल असायचं.

तुम्ही हसाल. मीही हसलो होतो. पकडलेला प्रत्येक माणूस औषधच घेतलेलं असतो, हे कुठल्याही चौकीत सांगतील. पण या बचावाला त्या क्षणी वेगळंच वजन होतं, आणि ते समजायला बरोबर चार दिवस मागे जावं लागतं.

२५ मे १९५१. सुप्रीम कोर्टाचा निकाल येतो, मुंबई राज्य विरुद्ध एफ. एन. बलसारा. बलसारांनी दारूबंदी कायद्यालाच आव्हान दिलं होतं. व्हिस्की, ब्रँडी, बिअर तर हवीच, पण ओ द कोलोन, लॅव्हेंडर वॉटर आणि अल्कोहोल असलेली औषधं यांच्यावरही सरकार बंदी कशी घालतं, असं त्यांचं म्हणणं होतं. कोर्टानं दारूबंदी ठेवली. व्हिस्की-बिअरची मागणी फेटाळली. पण औषधी आणि प्रसाधनाच्या अल्कोहोलयुक्त वस्तूंवरची बंदी मात्र घटनाबाह्य ठरवली. म्हणजे कलमाचा तेवढा तुकडा कात्रीनं कापून बाजूला टाकला. अल्कोहोल असलेलं औषध पिणं त्या दिवसापासून गुन्हा राहिला नाही.

आणि चार दिवसांनी कुलाब्याला जीपची धडक.

प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेटनं पेसिकाकांना दारूबंदीच्या आरोपातून सोडलं. सरकार हायकोर्टात गेलं. तिथं निकाल फिरला, दोषी. मग सुप्रीम कोर्ट. तिथं आधी तीन न्यायमूर्तींसमोर प्रकरण चाललं, त्यांचं एकमत होईना. बलसारा निकालाचा नेमका परिणाम काय, हा मुद्दा पाच जणांच्या घटनापीठाकडे गेला.

आता इथं जरा हळू जातो, कारण सगळी मजा इथं आहे.

सरकार पक्ष म्हणत होता: वास आला, म्हणजे अल्कोहोल पोटात गेलं हे आम्ही सिद्ध केलं. ते औषधातून गेलं असेल तर तो अपवाद झाला. अपवादाचा फायदा ज्याला हवा त्यानं तो सिद्ध करावा. दाखवा बाटली, आणा डॉक्टरची चिठ्ठी. ऐकायला एकदम रास्त वाटतं ना? आपल्यापैकी बहुतेक जण हेच म्हणतील. न्यायमूर्ती एस. आर. दास यांचंही मत साधारण याच बाजूचं होतं, त्यांनी वेगळा निकाल लिहिला.

पण सरन्यायाधीश मेहरचंद महाजन आणि बहुमत म्हणालं, थांबा. हा अपवाद नाहीच. कलमाचा जो तुकडा घटनाबाह्य ठरला तो कायद्यात आता नाहीच असं धरून कलम वाचायचं. मग उरलेला गुन्हा कोणता? "अल्कोहोल घेतलं" हा नाही, तर "बंदी असलेली दारू घेतली" हा. गुन्ह्याचा प्रत्येक भाग सिद्ध करायची जबाबदारी सरकारची. नुसत्या वासानं अल्कोहोल कळतं, ते ग्लासातून आलं की औषधाच्या चमच्यातून हे कळत नाही. आणि ते कळत नसेल तर शंकेचा फायदा आरोपीला. १९५४ साली पेसिकाका सुटले.

त्यांनी खरंच टॉनिक घेतलं होतं का? कोर्टानं तसं म्हटलं नाही, म्हणायची गरजही नव्हती. पॉडकास्टवर मी हे बोललो तेव्हा आमचा एडिटर चिडला. म्हणाला, म्हणजे चक्क पळवाट! मला तसं वाटत नाही. वासावर शिक्षा देता येते असं एकदा ठरलं, की शिक्षा शेवटी ज्याचं नाक त्याच्या हातात जाते. त्या काळच्या मुंबईत घराघरांत झडत्या व्हायच्या, आंटींचे गुत्ते गल्लीबोळांत चालायचे, आणि पोलिसानं "वास आला" म्हणायचं की नाही याची एक किंमत ठरलेली असायची, हे कुठल्याही जुन्या मुंबईकराला विचारा. आपल्या श्रोत्याला काय ऐकायला मिळालं? "इथंच मिटवू." सत्तर वर्षांत वाक्यही फारसं बदललेलं नाही.

याच निकालात महाजनांनी जाता जाता आणखी एक गोष्ट मांडली, जी पुढे कायद्याच्या विद्यार्थ्यांनी घोकली. मूलभूत हक्क नुसते एकट्या माणसाच्या फायद्याचे नसतात, ते सार्वजनिक धोरणाचा भाग आहेत, त्यामुळे "मला नको माझा हक्क" असं म्हणून तो सोडून देता येत नाही. जीपच्या धडकेतून हे निघालं, बघा.

एक गोष्ट मात्र मला या निकालात बोचते. धडक बसलेली ती तीन माणसं. सुप्रीम कोर्टात पोचेपर्यंत सगळा वाद दारूबंदीच्या कलमाचा झाला होता. ती तिघं घटनेच्या वर्णनापुरती येतात आणि मग टॉनिक, तुकडा, अपवाद यांच्या गर्दीत दिसेनाशी होतात.

सरकार अर्थातच गप्प बसलं नाही. १९५९ साली दारूबंदी कायद्यात दुरुस्ती केली. नाकाच्या जागी आकडा आणला. रक्तात ०.०५ टक्के किंवा त्याहून जास्त अल्कोहोल, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम, इतकं सापडलं की जबाबदारी उलटणार. मग ते औषध होतं हे आरोपीनं सिद्ध करायचं. सोबत कलम १२९-अ आलं: पोलीस संशयिताला डॉक्टरकडे नेऊ शकतात, डॉक्टर रक्त घेऊ शकतात.

हा आकडा काही हवेतून पडलेला नव्हता. रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा कायद्यात घालणारा पहिला देश नॉर्वे, साल १९३६, मर्यादा हीच ०.०५. आणि गंमत म्हणजे ज्या १९५४ मध्ये दिल्लीत न्यायमूर्ती टॉनिकवर डोकं खाजवत होते, त्याच वर्षी अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात रॉबर्ट बोर्केनस्टाइन नावाच्या पोलीस खात्यातल्या माणसानं ब्रेथलायझर बनवला. फुंकर मारा, आकडा बघा. आपल्या नाक्यावर ते यंत्र सर्रास दिसायला मात्र अर्धशतक जावं लागलं.

आकडा आला म्हणजे भांडण मिटलं? छे. भांडण नाकावरून बाटलीवर गेलं.

१९६३ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, उखा कोल्हे विरुद्ध महाराष्ट्र राज्य. पुन्हा गाडी, पुन्हा अपघात, पुन्हा दारू, पण या वेळी रक्ताची कुपी आहे. आणि प्रश्न काय, तर डॉक्टरांनी रक्त काढल्यापासून पोलिसांच्या हाती पडेपर्यंत ती कुपी कोणाच्या ताब्यात होती? कोणी हात लावला नाही याचा पुरावा काय? तो पुरावाच समोर आणलेला नव्हता. सेशन्स कोर्टानं खटला पहिल्यापासून पुन्हा चालवायला सांगितलं. सुप्रीम कोर्टानं बहुमतानं तो आदेश रद्द केला. सरकार पक्षाच्या पुराव्यातली फट बुजवायला आरोपीला दुसऱ्यांदा पूर्ण खटल्यातून फिरवायचं नाही; जादा पुरावा लागणारच असेल तर अपिलातच घ्या. मात्र त्याच निकालात हेही सांगितलं की १२९-अ हाच एकमेव रस्ता नाही. त्या कलमाबाहेर डॉक्टरांनी घेतलेलं रक्तही पुरावा म्हणून चालू शकतं. म्हणजे दोन्ही बाजूंना थोडं थोडं.

आता तुमच्यातला एखादा म्हणेल, माझं रक्त माझं, मी देणारच नाही. राज्यघटनेचं कलम २०(३) आहे ना, स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नाही! आहे. पण १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या ११ न्यायमूर्तींनी, तेही मुंबई राज्याच्याच काठी कालू ओघड खटल्यात, ठरवलं की बोटांचे ठसे, हस्ताक्षराचा नमुना देणं म्हणजे साक्ष देणं नव्हे. साक्ष म्हणजे मनातली माहिती. पुढे रक्तालाही हाच न्याय लागला. त्यामुळे "मी काय प्यायलो, किती प्यायलो" यावर तोंड बंद ठेवायचा हक्क तुम्हाला पूर्ण आहे. रक्ताला तो नाही.

आता आजच्या कायद्यावर येऊ. १९८८ चा मोटार वाहन कायदा, कलम १८५. मूळ मजकुरात रक्तात कितीही थोडं अल्कोहोल असलं तरी गुन्हा होता. १९९४ च्या दुरुस्तीनं तिथं आकडा घातला, १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त, आणि तो ब्रेथ अॅनालायझरच्या चाचणीत सापडला पाहिजे असंही म्हटलं. २०१९ मध्ये त्यात प्रयोगशाळेतल्या तपासणीसह इतर चाचण्या जोडल्या, आणि पहिल्या गुन्ह्याचा दंड २,००० वरून १०,००० रुपयांपर्यंत नेला, शिवाय सहा महिन्यांपर्यंत कैद. दुसऱ्यांदा सापडलात तर १५,००० आणि दोन वर्षांपर्यंत. लक्षात घ्या, दारूबंदीच्या कायद्यात ५० आणि मोटार कायद्यात ३०. एकाच माणसाच्या एकाच रक्ताला दोन फूटपट्ट्या.

पण कलमाची भाषा नीट वाचली तर पेसिकाकांची सावली तिथंही दिसते. दारूच्या बाबतीत हे कलम मोजमापावर उभं आहे. चाचणी नाही, आकडा नाही, तर नुसत्या वासावर १८५ टिकवणं अवघड. आणि यंत्र दिलं तर फुंका. कारण नसताना नकार दिलात तर कलम २०५ प्रमाणे तो नकारच तुमच्या विरोधात वापरता येतो. खोकल्याचं औषध आत्ता घेतलं असेल तर तोंडात राहिलेल्या अल्कोहोलमुळे आकडा वर जाऊ शकतो, तो पंधरा-वीस मिनिटांत उतरतो. म्हणून शांतपणे सांगा, थोड्या वेळानं पुन्हा चाचणी घ्या. मशीनवर वाद असेल तर रक्त तपासा म्हणा.

अटक झाली तर? कलम २०२ सांगतं की १८५ खाली अटक केलेल्या माणसाची दोन तासांत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी झालीच पाहिजे, नाहीतर त्याला सोडावं लागतं. दोन तास! आपल्या देशात कायद्यानं पोलिसांना घड्याळ लावून दिलेल्या जागा फार थोड्या, त्यातली ही एक. डॉक्टर पुरुष असेल आणि आरोपी बाई असेल तर रक्त घेताना दुसरी बाई हजर हवी. अटकेचं कारण कळण्याचा, वकिलाशी बोलण्याचा हक्क राज्यघटनेच्या २२ व्या कलमात आहे, आणि अटकेचा लेखी मेमो, घरी कळवणं वगैरे १९९६ च्या डी. के. बसू निकालातून आलं. गुन्हा जामीनपात्र आहे.

आणि "इथंच मिटवू"? सिग्नल तोडला, हेल्मेट नाही, असल्या गुन्ह्यांत जागेवर तडजोड शुल्क भरता येतं. १८५ त्या यादीत नाही. ते प्रकरण मॅजिस्ट्रेटपुढेच जातं. रस्त्यावर कोणी या गुन्ह्याचे पैसे घेऊन सोडत असेल तर तो दंड नव्हे, त्याचं नाव वेगळं आहे.

एपिसोड रेकॉर्ड करताना मला इथं थांबायचं होतं. पण मग त्या तिघांची आठवण आली.

१२ नोव्हेंबर २००६, पहाटे, वांद्र्याचा कार्टर रोड. अॅलिस्टर परेरा नावाच्या तरुणाची गाडी फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर चढली. सात जण गेले, आठ जखमी. रक्तात ०.११२ टक्के अल्कोहोल निघालं, म्हणजे मोटार कायद्याच्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त. खालच्या कोर्टानं निष्काळजीपणा धरून सहा महिन्यांची साधी कैद दिली. हायकोर्टानं सदोष मनुष्यवध धरून तीन वर्षं केली, आणि जानेवारी २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती कायम ठेवली. सात माणसांना तीन वर्षं, हे कमी की जास्त, यावर मी रात्री दोन वाजेपर्यंत भांडू शकतो. पण तो आकडा कोर्टात उभा राहिला नसता तर तीन वर्षंही झाली नसती.

आणि मे २०२४, पुण्याचं कल्याणीनगर. दोन तरुण इंजिनिअर गेले, आणि काही दिवसांत आरोप झाला की रक्ताचा नमुनाच बदलला गेला. खटला न्यायप्रविष्ट आहे, त्यामुळे खरं-खोटं मी ठरवणार नाही. पण आरोप कशाबद्दल आहे ते बघा: ज्याचं रक्त म्हणून कुपीवर नाव लिहिलं, त्यात खरंच त्याचंच रक्त होतं का? उखा कोल्हे खटल्यात ज्या कुपीचा हिशेब आरोपीच्या बाजूनं मागितला गेला, तोच हिशेब इथं मेलेल्यांच्या बाजूनं मागितला जातोय.

एडिटरला मी हेच उत्तर दिलं. तो म्हणाला, हे ठीक, पण त्या पोराला काय कळवू?

कळवलं. म्हटलं, भावा, वास हा संशय झाला, आकडा हा पुरावा. मशीन नव्हतं तर "डॉक्टरकडे न्या" म्हणायचं होतंस, आणि मोबाइलवर वेळ बघून ठेवायची होतीस. त्याचा लगेच रिप्लाय आला. "दादा, पाचशे दिले आणि निघालो."